जॉइंट फोटो

माजी सैनिकाच्या घरात नवरा-बायकोचे फोटो थोडेच असतात. एक लग्नातला, एक कुठल्यातरी सुट्टीत जत्रेत काढलेला, आणि तिसरा पेन्शनच्या फाइलमधला. या तिसऱ्याला फौजेत जॉइंट फोटो म्हणतात. निवृत्तीच्या काही महिने आधी पेन्शनचे कागद भरताना तो लागतो. नवरा वर्दीत, बायको डोक्यावरचा पदर जरा मागं सारून, दोघांचे चेहरे सरळ कॅमेऱ्याकडं. हसत कुणीच नाही. कडेला साहेबाची सही आणि गोल शिक्का. पलटणीच्या ऑफिसात क्लर्क असताना असे कितीतरी फोटो मी फॉर्मवर चिकटवले. गोंद जास्त झाला की शिक्क्याची शाई फुटायची आणि हेड क्लर्क साहेबांची बोलणी खावी लागायची. फोटोतल्या जवानाचा नंबर, रँक, नाव तीनदा ताडून पाहणं ही माझी नोकरी होती. त्याच्या शेजारी बसलेल्या बाईचं पुढं काय होतं, हे मात्र मला निवृत्त होऊन राजूरला आल्यावरच कळलं.

१९८८ साली मी मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो. बेळगावच्या सेंटरला ट्रेनिंग, मग पलटण, मग फील्ड म्हणजे सीमेकडच्या आणि पीस म्हणजे छावणीतल्या नेमणुकांच्या फेऱ्या. २०१२ साली हवालदार म्हणून घरी आलो. गावात मला मेजर म्हणतात. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, मग तो लंगरात पोळ्या लाटून आलेला असो की सुभेदार होऊन. थोडी शेती आहे, कापूस आणि सोयाबीन. एका तुकड्यात मोसंबी होती, ती २०१२-१३च्या दुष्काळात वाळली. त्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातल्या बागाच्या बागा सरपणाला गेल्या, तिथं आमच्या तुकड्याचं काय घेऊन बसलात! हाताला काम नसलेल्या त्या दिवसांत शेजारच्या वाडीतले एक निवृत्त नाईक पासबुक घेऊन आले. महागाई भत्त्याचा फरक जमा झाला नव्हता. मी अर्ज लिहून दिला, फरक जमा झाला. पुढच्या रविवारी ते आणखी दोघांना घेऊन आले. तेव्हापासून रविवारची सकाळ आमची राहिली नाही.

आमचं गाव जालन्याहून भोकरदनला जाणाऱ्या रस्त्यावर. राजुरेश्वराच्या गणपतीमुळं सगळ्या मराठवाड्याला माहीत. गणपतीच्या साडेतीन पीठांत राजूरला पूर्ण पीठ मानतात, त्यामुळं चतुर्थीला लांबलांबची माणसं येतात. त्याचा आम्हाला फायदा असा, की भोकरदन, जाफराबाद, बदनापूरकडचे पेन्शनर देवदर्शन आणि कागदपत्रं अशी दोन्ही कामं एका एसटीत उरकतात. मराठा आणि महार रेजिमेंटवाले, तोफखान्यातले, इंजिनिअर, सप्लाय, सिग्नल, सगळे येतात. पायदळवाला सप्लायवाल्याला "तुम्ही काय, राशन खाऊन आलात" म्हणणार आणि सप्लायवाला "आमच्या राशनवरच तर लढलात" म्हणून परतवणार, हे ठरलेलं. कुणी गेला की आम्ही जमतो, तिरंगा पांघरतो, सावधान उभं राहतो, आणि तेराव्यानंतर त्याच्या घरी जाऊन ट्रंक उघडतो. संस्था नोंदवा, बोर्ड लावा, असं पुष्कळांनी सुचवलं. नोंदवली नाही. अध्यक्ष कोण व्हायचं, या एका प्रश्नावर पलटणीतला भाईचारा मोडलेला मी पाहिलाय.

कागद मी बघतो, पण काम दोघांचं आहे. ओसरीत माझं टेबल, आणि आत माजघरात चटईवर बायकोचं ऑफिस. सुरुवातीला विधवा बायका आल्या की माझ्यासमोर बोलायच्याच नाहीत. सोबत आलेला दीर नाहीतर भाचा बोलायचा, आणि निम्मं चुकीचं सांगायचा. बँकेत खातं कुणाच्या नावावर आहे, एटीएम कार्ड कुणाकडं आहे, असं दिरासमोर विचारलं की बाई खाली मान घालून बसायची. मग माझी बायको चहाच्या निमित्तानं तिला आत न्यायची. अर्ध्या तासानं बाहेर येऊन मला चार ओळींत सांगायची: "कार्ड पुतण्याकडं आहे. पैसे निघतात, ह्यांना मिळत नाहीत. नवीन पासबुक आणि नवीन कार्ड मागा." असल्या गोष्टी कुठल्याच फॉर्ममध्ये भरायला जागा नसते.

हे तिला आलं कुठून, याचं उत्तर फौजेतच आहे. आमचं लग्न १९९३ साली झालं. लग्नानंतर महिनाभरात सुट्टी संपली आणि तिच्या वाट्याला आला तो फक्त पत्ता: नंबर, रँक, नाव, पलटण, मार्फत ५६ एपीओ. नवरा काश्मीरच्या कुठल्या डोंगरात आहे हे त्या पत्त्यावरून कळत नाही, कळू नये म्हणूनच तो तसा असतो. पुढं एका छावणीत एसएफ क्वार्टर मिळालं. नवरे फील्डला असलेल्या बायका-मुलांच्या त्या वस्तीत कुणी साताऱ्याची, कुणी चंदगडची, कुणी नांदेडकडची. दहावी झालेल्या थोड्याच, त्यांतली ही एक. त्यामुळं मनिऑर्डरीचं कुपन वाचणं, बँकेची स्लिप भरणं, शाळेचा अर्ज, दवाखान्याचं कार्ड, सगळं हिच्याकडं आलं. सैनिकांच्या बायकांसाठीची आवा ही संघटना १९६६ पासूनची, तिच्या वेल्फेअरच्या बैठकांना शिवण आणि लोणची-जॅम शिकवायचे. ती सांगते, की तिथं शिवणापेक्षा जास्त उपयोगी गोष्ट ती शिकली ती म्हणजे मेमसाबसमोर उभं राहून न अडखळता दोन वाक्यं बोलणं.

१९९९च्या उन्हाळ्यात कारगिल चालू होतं तेव्हा वस्तीतल्या सगळ्या बायका रात्री एकाच क्वार्टरमध्ये झोपायच्या. टीव्ही एकीच्याच घरी. बातम्यांत पलटणीचं नाव येतं का बघायचं आणि आलं नाही की स्वयंपाकाला लागायचं. मी तेव्हा फील्डमध्ये ऑफिसात होतो आणि जवानांच्या वारसाचे तपशील ताडून ठेवण्याचा हुकूम होता: नेक्स्ट ऑफ किन, नातं, गाव, पोस्ट, तालुका, जवळचं पोलीस ठाणं, तारघर. त्या यादीत कुणाच्या बायकोचं आडनाव माहेरचं, कुणाच्या गावाचा तालुका बदललेला. जालना जिल्हाच १९८१ साली १ मे रोजी झाला, त्याआधी भरती झालेल्यांच्या कागदावर जिल्हा औरंगाबाद. यादी दुरुस्त करताना हात चालत राहायचा, आणि ती कशासाठी लागते याबद्दल कुणी बोलायचं नाही.

आमच्या भागात कागदांचं हे काम जास्त लागतं, त्याला कारण आहे. सातारा जिल्ह्यात मिलिटरी अपशिंगे म्हणून गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. तिथं घरटी फौजी. नव्या सुनेला पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्न-मुलांची नोंद फौजेच्या रेकॉर्डला घेणारा हुकूम, काय असते हे सासूच सांगते, कारण सासूनं आपल्या नवऱ्याच्या वेळी ते भोगलेलं असतं. आमच्याकडं ती परंपरा नाही. लढाई आमच्या दारात होऊन गेली, ही गोष्ट वेगळी. १८०३ साली २३ सप्टेंबरला इंग्रजांच्या वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं ते असईला, म्हणजे इथून जवळच, केळणा आणि जुई नद्यांच्या दुआबात. मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आजही असईचा हत्ती आहे. बाहेर एका मद्रासी हवालदाराला मी म्हटलं, की असई माझ्या गावाशेजारी, तर त्याला ते खरंच वाटेना. पण त्यानंतर आमचा मुलूख निजामाकडं राहिला, तो थेट १९४८च्या सप्टेंबरपर्यंत. साताऱ्या-रत्नागिरीतून पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत माणसं जात होती, तशी आमच्याकडून गेली नाहीत. आमच्यातले बहुतेक जण घराण्यातले पहिलेच फौजी, आणि त्यांच्या बायका पहिल्याच फौजी बायका. विचारायचं कुणाला?

एका मावशींची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. त्यांचे मालक एका कोअरमधून नाईक म्हणून निवृत्त झाले होते. ते गेले आणि पेन्शन थांबली. कायद्यानं मावशींना कुटुंब पेन्शन आपोआप सुरू व्हायला हवी. मृत्यूचा दाखला द्यायचा, आपली ओळख द्यायची, संपलं. पण मावशींची ओळख चार जागी चार प्रकारची होती. लग्नात नवऱ्यानं तांदळात अंगठीनं लिहिलेलं सासरचं नाव आधार कार्डावर, तेही पुढं "बाई" लावून. फौजेच्या कागदावर माहेरचं नाव, कारण नवऱ्यानं पलटणीत लग्नाची नोंद केली तेव्हा तोंडात तेच बसलेलं. रेशन कार्डावर तिसरंच, तलाठ्याच्या कानाला ऐकू आलं तसं. जन्मतारीख एकीकडं नुसतं साल, दुसरीकडं १ जानेवारी. बँकेतला साहेब म्हणाला, "ही बाई तीच कशावरून?" साहेब वाईट नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच विचारलं असतं. पण मावशी हे ऐकून घरी आल्या त्या पुन्हा बँकेत गेल्याच नाहीत. वर्षभर मजुरीवर कापूस वेचत राहिल्या.

एका चतुर्थीला त्या देवाला आल्या, आणि कुणीतरी त्यांना आमच्याकडं आणून सोडलं. माझ्याशी बोलल्या त्या एवढंच: "सायब, म्या दुसरी बाई नाय हो." बायको त्यांना आत घेऊन गेली.

आम्ही त्यांच्या घरी जाऊन ट्रंक उघडली. काळी लोखंडी ट्रंक, पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव, तळाला मेणकापडात गुंडाळलेली फाइल. डिस्चार्ज बुक होतं, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश होता, आणि पेन्शन फॉर्मची एक कार्बन कॉपी होती, अक्षरं निळी, पुसट. तिला जोडलेल्या जॉइंट फोटोत तिशीतली बाई, समोर बसलेल्या साठीतल्या मावशी. चेहरा जुळतो म्हणावं तर जुळतो, नाही म्हणावं तर नाही. मी नंबर आणि तारखा बघत होतो. बायको फोटो उजेडाला धरून बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "अहो, हनुवटीवर गोंदण आहे बघा. तीन ठिपके." मावशींच्या हनुवटीवरही तेच तीन ठिपके, वयानं हिरवट पडलेले. मी कार्बन कॉपी पुन्हा उलटली. पेन्शनच्या फॉर्ममध्ये दोघांच्याही शरीरावरच्या खुणा लिहायचा रकाना असतो. त्यात कुठल्यातरी माझ्यासारख्याच क्लर्कनं टाइप केलं होतं: हनुवटीवर गोंदलेली खूण. त्याच्या खाली मावशींचा डाव्या हाताचा अंगठा.

तेवढ्यानं काम झालं नाही, होतही नाही. भोकरदनला जाऊन एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. सरपंचांचा दाखला, शाळेत कधी गेल्याच नाहीत म्हणून तसं लिहून, नाव बदलल्याची राजपत्रात जाहिरात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं शिफारसपत्र, आणि सगळ्यात वर तो फोटो आणि त्या रकान्याची झेरॉक्स. फाइल त्यांच्या कोअरच्या रेकॉर्डला गेली. एकदा परत आली, एका पानावर तारीख नव्हती म्हणून. पुन्हा पाठवली. मग पीपीओची दुरुस्ती आली आणि थकबाकीसकट पेन्शन सुरू झाली. मावशी पेढे घेऊन आल्या, आणि माझ्यापुढं न थांबता सरळ आत गेल्या. बायको सांगते, त्या काही बोलल्या नाहीत, नुसता तिचा हात हातात धरून बसल्या.

त्यानंतर मी नव्या फाइलीत पहिल्यांदा बायकोचा रकाना वाचतो. माझ्या अंदाजानं दहातल्या आठ अडचणी तिथंच असतात. जवानाचं नाव सहसा चुकत नाही, कारण नोकरीभर दर महिन्याला पगाराच्या निमित्तानं ते कुणीतरी तपासत असतं. बायकोचं नाव एकदाच लिहिलं जातं, लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघते तेव्हा, आणि पुन्हा वाचलं जातं ते नवरा गेल्यावर.

आता २०२१ पासून पेन्शन हळूहळू बँकांकडून निघून स्पर्श नावाच्या प्रणालीत गेली आहे. कारभार प्रयागराजहून चालतो, आणि कागद मोबाइलवर दिसतात. हे चांगलं झालं असं माझं मत आहे. पूर्वी चूक कुठं आहे हे कळायलाच वर्ष जायचं, आता ती पडद्यावर दिसते. पण हयातीचा दाखला बोटांच्या ठशावर मागितला की आमच्या बायकांची पंचाईत होते. आयुष्यभर कापूस वेचून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्र लाल दिवा दाखवतं. बायको कोमट पाण्यानं हात धुवायला लावते, पुसते, जरा व्हॅसलिन लावते, पुन्हा बोट ठेवायला सांगते. तरी नाही जमलं तर चेहऱ्यावरून दाखला काढायचं ॲप आहे. त्यात डोळे मिचकावावे लागतात. सत्तरीच्या एका आजींना मी म्हटलं, "आजी, मोबाइलकडं बघून डोळे मिचकवा." आजींनी पदर तोंडाला लावला. शेवटी मला ओसरीतून बाहेर घालवून बायकोनंच तो दाखला काढला.

७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. शाळेत भाषणाला बोलावतात. मुलांना मी स्वाती महाडिकांचं सांगतो. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ साली १७ नोव्हेंबरला कुपवाड्यात शहीद झाले. ते आमच्याच रेजिमेंटशी जोडलेल्या ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र मिळालं. त्यांच्या पत्नी स्वातीताईंनी वयाची सवलत घेऊन परीक्षा दिली, आणि त्या चेन्नईच्या अकादमीतून २०१७ साली लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. कानिटकर पती-पत्नींचंही सांगतो, दोघंही लेफ्टनंट जनरल झाले, आणि माधुरीताई पुढं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. मुली हे कान देऊन ऐकतात.

पण माझ्या मनात जास्त घर केलेलं जोडपं पुण्याचं आहे, योगेश आणि सुमेधा चिथडे. योगेशजी हवाई दलातून निवृत्त, सुमेधाताई शिक्षिका. सियाचिनच्या जवानांना ऑक्सिजनचे सिलिंडर लांबून वर न्यावे लागतात हे त्यांना कळलं. तिथंच ऑक्सिजन तयार करणारा प्रकल्प उभा करायचं त्यांनी ठरवलं. सुमेधाताईंनी आपले दागिने विकून पहिली रक्कम घातली, मग दोघांनी गावोगाव जाऊन लोकांसमोर झोळी धरली. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये तो प्रकल्प सुरू झाला. यात मला भावतं ते हे, की निवृत्त झाला होता एक आणि कामाला लागले दोघं. सरकारनं करायचं काम लोकांनी का करावं, असं कुणी विचारतं. विचारावंच. पण वर श्वास घेणाऱ्याला उत्तराची वाट बघायला वेळ नसतो. आमच्या राजुरात एवढी ऐपत नाही. आमच्याकडच्या कुणी दागिने विकले असतील तर ते प्रतिज्ञापत्राच्या आणि जालन्याच्या चकरांच्या खर्चासाठी. आणि सभेत वीरपत्नीला शाल-श्रीफळ देऊन फोटो काढणाऱ्या पुढाऱ्यांना मी आता तोंडावर सांगतो, की शाल राहू द्या, तहसीलमध्ये एक फोन करा.

वर्षातली आमची मोठी ड्यूटी मात्र कागदाची नाही, पायांची आहे. अंगारकीला जालन्याहून हजारो माणसं रात्रभर चालत राजूरला येतात. पोरं, म्हातारी माणसं, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, कित्येक जण अनवाणी. रस्त्याच्या कडेला चहा-फराळाचे स्टॉल पुष्कळ लागतात. चहात आमची भर नको, म्हणून आम्ही माजी सैनिक आणि आमच्या घरच्या बायका मिळून फक्त पाय बघतो. एक तंबू, दोन बाकडी, कोमट पाण्याच्या बादल्या, मीठ, पट्ट्या, पावडर. लांब मार्चनंतर पलटणीत फूट इन्स्पेक्शन व्हायचं, जवान बूट काढून ओळीत बसायचे आणि साहेब स्वतः तळपाय बघायचे. तेच आम्ही इथं करतो. पुरुषांच्या ओळीत मी आणि एक तोफखान्यातले सुभेदार, बायकांच्या ओळीत आमच्या बायका.

फोड आला की लोक तो टाचणीनं फोडायला बघतात. फोडायचा नाही, कोरडा करून वर सैल पट्टी बांधायची, हे सांगून सांगून घसा बसतो. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर मी वाद घालत नाही, बोटांच्या मधली जागा पुसून पावडर टाकतो आणि म्हणतो, डांबरावरून नको, कडेच्या मातीवरून चाला. बायकांच्या ओळीत गोष्टी वेगळ्या निघतात. पाय धुता धुता बाया बोलायला लागतात. कुणाचा पोरगा भरतीला पळतोय, कुणाचा जावई आसामात आहे आणि सहा महिने फोन नाही. जालन्याकडच्या एका बाईचा नवरा फौजेत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आपल्याला पेन्शन मिळते हेच तिला माहीत नव्हतं. तिचा पाय बायकोच्या मांडीवर होता. हिनं पट्टी बांधली आणि म्हणाली, "ताई, दर्शन करून या, पण रविवारी कागद घेऊन यायचंच." ती आली. काम झालं.

हल्ली सकाळी भोकरदन रस्त्यावर पळणारी पोरं दिसतात. सोळाशे मीटरचा वेळ लावतात, माझ्याकडं घड्याळ धरायला देतात. २०२२ पासून ही पोरं अग्निवीर म्हणून जातात, चार वर्षांसाठी. पैकी फार तर पाव हिस्सा पुढं राहणार, बाकीचे सेवानिधी घेऊन परत. चार वर्षांत पलटणीचा भाईचारा किती मुरतो, याबद्दल आमच्या ओसरीत रोज वाद होतो. मला स्वतःला चार वर्षं थोडी वाटतात. पण अग्निवीर भरती होताना अविवाहित असतो, म्हणजे वारस म्हणून नाव लागतं ते आईचं किंवा बापाचं. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते हा अग्निवीर २०२३च्या ऑक्टोबरमध्ये सियाचिनवर शहीद झाला. तेव्हापासून माझी बायको भरती झालेल्या पोराच्या घरी पेढे खायला जाते तेव्हा पोराच्या आईचं आधार कार्ड बघायला मागते. लोकांना ते अपशकुनी वाटतं. एका घरातून तिला सरळ "बाई, शुभ बोला" ऐकवलं. ती तरी मागतेच. पोरांच्या आया मावशींहून लहान, पण नावाची तीच गत: तांदळातलं एक, शाळेतलं दुसरं, आणि पुढं कधी लागणारी, कधी न लागणारी "बाई".

तेव्हा सुट्टीवर येणाऱ्या जवानांना आमचं सांगणं आहे. मित्रांत बसा, जत्रा करा, पण एक सकाळ घरात द्या. बायकोचं, आईचं, मुलांचं नाव पलटणीच्या रेकॉर्डला कसं लिहिलंय ते विचारून घ्या आणि आधारशी अक्षर न् अक्षर लावून बघा. फरक असेल तर नोकरीत असतानाच दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर काढा. तुमच्या एका अर्जानं जे होतं त्यासाठी तुमच्या मागं तिला दोन वर्षं हिंडावं लागतं. बँकेचं खातं दोघांच्या नावावर करा आणि कार्ड कुठं आहे हे तिला माहीत असू द्या. ट्रंकेची किल्ली एक तिच्याकडं ठेवा. आणि ज्यांच्या घरातला फौजी गेलाय, पण कागद तसेच पडलेत, त्यांनी राजूरला रविवारी सकाळी या. सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि मृत्यूचा दाखला आणा, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणा. दिराला पाठवू नका, बाईंनी स्वतः यावं. पैसे लागत नाहीत.